विझवलेली आग पुन्हा पेटते तेव्हा

मुलांनो, डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. मोहोळच्या पुढं माळावर मेंढपाळांची वस्ती आहे. वैशाखातली दुपार. कडब्याची गंजी जळून तिची राख झालीय आणि भोवती सगळी वस्ती जमलीय. तुम्ही पूनमच्या शेजारी उभे राहा. ती सातवीत आहे, आणि गंजी तिच्याच घरची आहे.

राखेपुढं देवऋषी कल्लप्पा हातात लिंबू घेऊन डोलत होता.

"काल ह्या पूनमच्या घरचा गोठा पेटला. धा घागरी पाणी वतलं. आग मेली का न्हाय?"

"मेली की!" जमलेले लोक म्हणाले.

"मग आज उकिरड्यातनं उठून गंजीवर कशी चढली? मेलेली आग उठती कवा? भानामती आसल तवाच!"

त्यानं लिंबू सोडलं. ते गडगडत अंबुबाईच्या पायाशी जाऊन थांबलं. थांबणारच, उतार तिकडंच होता.

अंबुबाई शेजारची एकटी म्हातारी. चार शेळ्या आणि एक खोपट, एवढाच तिचा संसार. पूनम तिच्याच शेळीच्या दुधावर वाढलेली.

"म्या काय केलं रं बाबा?" म्हातारी म्हणाली.

"उद्या उजाडायला हिनं हद्द सोडायची. ही गेली की आग थांबली म्हणून समजा!" कल्लप्पा गरजला.

पूनम उकिरड्यापाशी बसून काडीनं राख उकरत होती. अंगठ्याएवढी एक फुटकी लोखंडी नळी निघाली. तिनं ती लगेच ओळखली: सेलचं जळकं कवच. वडिलांनी, अजिनाथनं, फवारणी पंपाची जुनी बॅटरी भंगारातून आणली होती आणि रात्रीच्या विजेरीत घालायला तिच्यातले सेल सोडवले होते. वस्तीची जुनी रीतच होती: सेल मंद झाला की दगडानं चेपायचा आणि पत्र्यावर उन्हात ठेवायचा, म्हणजे आणखी दोन रात्री उजेड मिळतो. जुन्या सेलांना ते चालून गेलं. हे सेल लिथियमचे होते.

पूनम उभी राहिली. "आज्जीनं कायबी केलं न्हाय! ह्या सेलात मधी कागदासारखा पडदा आसतो. चेपला की पडदा फाटतो, सेल आतल्या आत तापतो आन् पेटतो. गोठ्याच्या पत्र्यावर तसंच झालं. पाण्यानं जाळ विझला, पण दुखावलेला सेल आतनं धुमसतच ऱ्हायला. आपुन समदं गोळा करून उकिरड्यात टाकलं, गंजीला लागून. सरांनी शिकवलंय आमाला."

"चेपलं कुनी?" म्हातारा गुंडा पुढं आला. काल त्या गोठ्यात बांधलेली त्याची दोन कोकरं आगीत भाजून मेली होती.

पूनमनं वडिलांकडं पाहिलं. "बाबांनी. माज्यासमोर."

"व्हय रं अजिनाथ?"

अजिनाथ गुंडाच्या काठीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "न्हाय. म्या न्हाय चेपलं."

"बघा!" कल्लप्पा ओरडला. "पोरीच्या तोंडानं कोन बोलतंय ते वळखा!"

बायकांनी आपापली लेकरं मागं ओढली. पूनमभोवती जागा मोकळी झाली.

पहाटे अंबुबाई शेळ्या घेऊन भाचीकडं, माढ्याच्या वाटेला लागली. पूनम रडत मागं धावली.

"रडू नगं. तुजा बा वाईट न्हाय गं, भ्यालाय," म्हातारी म्हणाली, आणि मागं न बघता गेली.

मुलांनो, ती परत आली नाही. खरं सांगणारा एकटा पडतो, तरी खरं ते खरंच राहतं. जुना सेल ठोकू नका, तापवू नका, कचऱ्यात टाकू नका. आणि कुणी माणसाकडं बोट दाखवलं तर आधी राख उकरून बघा.

पूनम घरी आली. कोनाड्यात आणखी दोन चेपलेले सेल पडले होते. खाली धाकट्या बहिणीची झोळी हलत होती. अंबुबाई गेल्यावरही हे सेल पेटले, तर तिचा दोष नव्हता हे सगळ्या वस्तीला कळेल. न पेटले, तर कल्लप्पा खरा ठरेल. पूनम बराच वेळ बघत राहिली.

मग तिनं सेलांवर लांबूनच हात धरून ऊब लागते का ते पाहिलं. सेल गार होते. तिनं दोन्हींच्या टोकांना चिकटपट्टी लावली, मडक्यात कोरडी वाळू भरून ते पुरले, आणि सरांना दाखवेपर्यंत कुठल्याच घराला धोका नको म्हणून मडकं डोक्यावर घेऊन दूर उघड्या माळाकडं चालू लागली.