भोंगा न वाजता चढलेले पाणी

माझे मालक अण्णा यांचे लग्न झाले त्या वर्षी, म्हणजे १९७६ साली, नर्मदेकाठच्या आमच्या शहरात, घमापुरच्या बाजारात एका कारागिराने मला शिवले. मित्रांनो, मी बिस्तरबंदाचा एक जुना चामडी पट्टा आहे. गाद्या-चादरींची वळकटी पोटाशी आवळून मी अण्णांबरोबर पुष्कळ प्रवास केला. "पट्टा है कि पहलवान!" असे हमाल म्हणत. पुढे चाकांच्या बॅगा आल्या. बिस्तरबंद फाटला आणि मी माळ्यावर जाऊन पडलो. तेथे मला कोणी तेल लावले नाही. चामडे वाळले, बकलापाशी चीर पडली.

२०२२ च्या दिवाळीच्या सुट्टीत अण्णा, सुनेत्राआजी आणि नात अवंतिका सोमनाथला निघाले. ऐन वेळी बॅगेची चेन तुटली, म्हणून मला खाली काढून तिच्याभोवती बांधले. सोमनाथहून ते दीवला गेले. समुद्राकाठचे ते जुने गाव, भोवती दगडी तट. तटातल्या एका छोट्या दारातून पायऱ्या खाली खडकांकडे उतरत होत्या. अण्णा आणि अवंतिका पार पुढच्या खडकावर जाऊन बसले. आजी बॅग घेऊन पायरीवर थांबल्या.

थोड्या वेळाने अवंतिका म्हणाली, "अण्णा, पानी ऊपर आ रहा है."

"भास होऊन राहिला तुले," अण्णा हसले. "पाऊस नाही, धरणाचे दरवाजे उघडल्याचा भोंगा नाही. मग पाणी काहून वाढेल?"

नर्मदेकाठी जन्म गेलेला माणूस तो. भरती त्याला फक्त शब्दाने ठाऊक होती.

पाणी समोरून आलेच नाही. ते मागून, खडक आणि पायऱ्यांच्या मधल्या घळीतून शिरले. अण्णांनी वळून पाहिले तेव्हा घळीत लाटा उसळत होत्या. आसपास कोणी नव्हते. आजींनी मला बॅगेवरून ओढून काढले. एका हाताने दाराची कडी आणि दुसऱ्या हाताने माझे एक टोक धरून त्यांनी मला खडकाकडे फेकले.

"आधी पोरीले बांधा!"

अवंतिकाच्या कमरेला बकल लागले. लाट आली तशी चीर उघडलेली मला जाणवली. मित्रांनो, मी तुटलो असतो तर ती पोर माझ्याच हातून गेली असती. मी इतका घाबरलो होतो की आजींचा हात कोणता आणि मी कोणता, तेही कळेना. पण ती पायरीवर आली. मी पुन्हा फेकला गेलो.

अण्णा घळीत उतरले तेव्हा पाणी त्यांच्या छातीशी होते. "अगं, सोड! तू पण पडशील."

"गप्प बसा! जन्मभर तुमचं ऐकलं, आज तुम्ही ऐका. धरा!"

अण्णांनी मला मनगटाला गुंडाळले. आजी ओढत होत्या, अवंतिका रडत आजींना धरून होती. अण्णांचा गुडघा पायरीला टेकला आणि त्याच क्षणी मी बकलापाशी तुटलो. बकलासकट माझा तुकडा समुद्रात गेला. तिघे पायरीवर बसून राहिले. कोणी कोणाला रागावले नाही.

मित्रांनो, अनोळखी पाण्याशी ओळखीच्या पाण्यासारखे वागू नका. आणि घरातल्या जुन्या वस्तूवर कधीतरी तेलाचा हात फिरवा. तिच्यावर कोणाचा जीव लटकणार आहे, हे तिलाही ठाऊक नसते.

अण्णा २०२४ च्या वैशाखात आमच्याच शहरातल्या रांझीच्या घरी वारले, आपल्या कोरड्या अंथरुणात.