जांभळ्या ठिपक्याचे उंदीर

संचालकसाहेब, त्या दिवशी तुम्ही मंचावर बसून हसत होता. तुमच्या शेजारी उभा राहून एक भामटा लुळ्यापांगळ्या माणसांच्या डोळ्यांत धूळ फेकत होता आणि तुम्ही टाळ्या वाजवत होता. उंदीर तुमच्या प्रयोगशाळेचे आणि त्याच्या थेंबानं उंदीर बरे होतात असं सांगणाऱ्या अहवालावर सहीही तुमचीच. "मला माहीत नव्हतं" असं म्हणू नका. तुम्हाला माहीत होतं.

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. चाकाच्या खुर्च्या, काठ्या, एका बाजूला ओघळलेली तोंडं आणि त्यांना धरून बसलेली त्यांची माणसं. मंचावर दोन काचेच्या पेट्या होत्या आणि प्रत्येकीत एक पांढरा उंदीर. दोघांच्याही मानेवर टाके, दोघांचाही पुढचा डावा पाय लुळा. मध्ये थेंबबाबा, नाकात थेंब सोडून लुळं अंग चालतं करतो म्हणणारा.

"विज्ञानानं यांच्या मेंदूचं रक्त अडवलं! मी नाही अडवलं!" बाबा गरजला. "मेंदू म्हणजे शेत, रक्त म्हणजे पाट. पाटात धोंडा पडला. डॉक्टरांच्या गोळ्या त्या धोंड्याला अंघोळ घालतात. माझा थेंब धोंडा फोडतो!"

त्यानं पहिल्या उंदराच्या नाकात थेंब सोडला आणि मग अर्धा तास तोंडाचा पट्टा सोडला.

तिसऱ्या रांगेत पिंजरेवाल्या ताई बसल्या होत्या. तुमच्याच संस्थेच्या प्राणिगृहात उंदीर सांभाळण्यात त्यांची सतरा वर्षं गेली होती. बाजूला खुर्चीत त्यांचा थोरला भाऊ. दोन महिन्यांपूर्वी झटका आला, उजवं अंग गेलं आणि बोलण्यातला एकच शब्द उरला, "हो".

"घेणार ना थेंब?" वहिनींनी विचारलं.

"हो."

"बघा, स्वतः म्हणाले!"

"वहिनी, उंट पाळायचा का विचारा, तरी दादा होच म्हणेल."

वहिनींच्या मुठीत गोळ्यांची डबी घट्ट धरलेली होती. बाबाची अटच तशी होती. आधी गोळ्या मंचासमोरच्या बादलीत टाकायच्या, मग थेंबाची बाटली मिळणार. दादाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, रक्त पातळ ठेवणाऱ्या या गोळ्या थांबवल्या तर पुन्हा झटका येईल आणि तो कदाचित हा "हो"सुद्धा ठेवणार नाही.

इतक्यात पहिला उंदीर हलला. लुळा पाय त्यानं टेकवला, मग उचलला, मग चक्क चालला. सभागृह उठून उभं राहिलं. बायका रडू लागल्या. बादलीत गोळ्यांचा सडा पडायला लागला. वहिनी उठल्या.

ताईंची नजर मात्र उंदराच्या शेपटीवर खिळली होती. शेपटीच्या बुडाशी जांभळा ठिपका होता. त्यांनी स्वतः लावलेला.

"वहिनी, दहा मिनिटं. माझ्या गळ्याची शपथ, डबी सोडू नका." आणि ताई मंचावर चढल्या.

"दुसऱ्याला थेंब देऊ नका!"

"ताई, खाली उतरा," तुम्ही दबक्या आवाजात म्हणालात. "नोकरीला मुकाल."

"मुकेन. आधी हा उंदीर बघा."

त्यांनी दुसऱ्या पेटीतला उंदीर शेपटीच्या बुडाला धरून अलगद उचलला. "मेंदूला खरा झटका बसलेला उंदीर असा उचलला की पुढचा पाय छातीशी मुडपून घेतो, अंग एका बाजूला पिळतो. हजारो वेळा बघितलंय मी. याचा पाय बघा, ओल्या फडक्यासारखा लोंबतोय. बिघाड मेंदूत नाहीच, पाय बधिर केलाय! दात काढताना हिरडीत टोचतात ना, तसलं औषध काखेत टोचलंय."

"पाखंडी बाई!" बाबा ओरडला. "थेंबावाचून हा जन्मभर उठणार नाही!"

"मग थांबू या की. घाई कोणाला आहे?" ताईंनी उंदीर पेटीत ठेवला आणि पेटीवर दोन्ही हात पालथे घातले.

"उतरवा तिला!" मागून कोणी ओरडलं. एक काठी मंचावर येऊन आदळली. बाबा थेंबाची बाटली घेऊन पुढे सरसावला, तेव्हा ताईंनी पेटी पोटाशी धरली. एक मिनिट गेलं. चार गेली. सहा. उंदीर तसाच. वहिनी बादलीपाशी डबी उघडून उभ्या. ताईंच्या कपाळावरून घाम पेटीच्या काचेवर टपकला.

आठव्या मिनिटाला उंदरानं बोटं हलवली. मग पाय टेकवला. आणि थेंबाचा वासही न घेता पेटीभर फिरू लागला.



"दोघांना एकाच वेळी टोचलं होतं," ताई म्हणाल्या. "औषधाचा अंमल उतरला, एवढंच. बाबांच्या थेंबात नाही, बाबांच्या बडबडीत गुण आहे. ती बरोबर अर्धा तास पुरते!"

कोणीतरी फिसकन हसलं. बाबा पडद्यामागच्या दाराकडे सरकू लागला. त्या दारात आधीच चारजण उभे राहिले होते.

वहिनी बादलीपासून मागे फिरल्या. डबीतली सकाळची गोळी काढून त्यांनी दादाच्या डाव्या तळहातावर ठेवली. "घेता ना?"

"हो," दादा म्हणाला आणि त्यानं गोळी स्वतः तोंडात टाकली.

ताई लोकांकडे वळल्या. "कोणी चमत्कार दाखवला की एकच विचारा. औषध न देता काय झालं असतं? एवढ्या प्रश्नाला भले भले बाबा घाबरतात. आता त्या बादलीतल्या गोळ्या एकमेकांत मिसळल्यात, त्यांना हात लावू नका. थेट डॉक्टरांकडे जा. आजच."

मग त्या तुमच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, आपल्याकडे उंदराच्या मानेतल्या रक्तवाहिनीत दोरा घालून मेंदूचं रक्त अडवतात. कवटीवरचं यंत्र आकडा दाखवतं. शंभराचा तिसाच्या खाली आला तरच झटका खरा. नाही आला तर तो उंदीर प्रयोगातून बाद. बाद झालेल्यांच्या शेपटीला मी जांभळा ठिपका लावते, हा नियम तुम्हीच केलात. असे अकरा उंदीर होते. त्यांना झटका आलाच नव्हता. तुमच्या अहवालात थेंबानं बरे झालेले उंदीरही अकराच आहेत. त्यांचे आकडे माझ्या हातानं वहीत लिहिलेत मी, ऐंशी, पंच्याऐंशी, नव्वद. तुमच्या अहवालात ते आकडे का नाहीत? खाली बघू नका, साहेब. माझा भाऊ समोर बसलाय. त्याच्याकडे बघून उत्तर द्या."