हिरव्या दोऱ्याचं जाकीट

टाइल्सच्या त्या गोदामात ड्रायव्हरबाईइतकी सावकाश फोर्कलिफ्ट कुणीच चालवत नसे, आणि त्यावरून तिची फिरकी घेतल्याशिवाय कुणाला चैन पडत नसे. सुपरवायझर तर हात धुऊन मागे लागलेला. त्याचं नावच लोकांनी 'घड्याळ' पाडलं होतं, कारण समोर माणूस असला तरी हा बोलायचा मनगटाशी. "बाई, फरशा आहेत, झोपलेलं बाळ नाही. जरा पेडलवर पाय दाबा."

बाई ऐकून घ्यायची आणि आपलंच खरं करायची. ओझं उचलायचे पुढचे काटे जमिनीपासून जेमतेम वर. ओझं डोळ्यांच्या वर गेलं की मान मागे वळवून गाडी उलटी चालवायची. कोपरा आला की हॉर्न द्यायचा, थांबायचं, आरशात बघायचं आणि मगच पुढे. हे सगळं तिथल्या प्रत्येक ड्रायव्हरला शिकवलेलं होतं. बाकीचे ते परीक्षेपुरतं शिकले होते इतकंच.

पण मधल्या कोपऱ्यावर बाई काही नियमासाठी थांबत नव्हती. तिथे ती आरशातल्या माणसासाठी थांबायची.

दोन गल्ल्या जिथे एकमेकींना मिळतात, तिथे रॅकच्या खांबावर, डोक्याच्या बऱ्याच वर एक फुगीर आरसा होता. आडव्या गल्लीतून कुणी पायी येत असेल तर ड्रायव्हरला दिसावं म्हणून. त्या आरशात कुणीतरी उभं असायचं. अंगात नारिंगी जाकीट, एक हात वर, तळवा समोर. आरशाच्या फुगवट्याने तोंड एका बाजूला ओघळलेलं, त्यामुळे बाई की पुरुष तेही कळत नसे. तिने गाडी बंद करून, उतरून पलीकडे जाऊन पाहावं तर गल्ली रिकामी. परत चढून पाहावं तर आरसाही रिकामा.

आधी तिला वाटलं, डोळे बिघडले. डोळे तपासून घेतले, ते ठणठणीत निघाले. मग दुसऱ्या ड्रायव्हरला सहज विचारल्यासारखं विचारलं, "मधल्या आरशात तुला कधी कुणी दिसतं का रे?"

"माझंच थोबाड दिसतं," तो म्हणाला, "आणि तेवढी भीती मला पुरते."

ती हसली आणि तोंडाला कुलूप लावून बसली. तशी तिला सवयही झाली होती. थांबायचं, त्याला बघायचं, तो गेला की निघायचं. कुणाला त्रास नाही, काही नाही. पण एका दुपारी वरच्या पत्र्यातल्या काचेतून ऊन नेमकं कोपऱ्यावर उतरलं आणि तिला जाकिटाचा खांदा स्पष्ट दिसला. खांद्यावर हिरव्या दोऱ्याचे टाके होते, मोठे आणि वेडेवाकडे.

बाईने नकळत स्वतःच्या खांद्यावर हात ठेवला. तेच टाके तिथे होते. खिळ्याला अडकून जाकीट फाटलं होतं, घरात नारिंगी दोरा सापडला नव्हता, म्हणून तिनेच हिरव्याने शिवलं होतं. "वहिनी, हे शिवलंयस की सूड उगवलायस?" असं म्हणून धाकटी नणंद पोट धरून हसली होती.

बाईची पाचावर धारण बसली. म्हणजे इतके दिवस आपण आपल्यालाच बघत होतो. आपण कधीतरी पायी त्या कोपऱ्यावर येणार, हात वर करणार, आणि कुणाची तरी गाडी थांबणार नाही.

त्या दिवसापासून तिने त्या गल्लीत पाऊल टाकणं सोडलं. पाणी प्यायला जायचं तरी अख्ख्या गोदामाला वळसा. नवऱ्याला सांगायची सोय नव्हती. त्याने एका शब्दात काम सोडायला लावलं असतं, आणि बाईचा तर त्या गाडीवर जीव होता. अन्न गोड लागेना. शेवटी तिच्या डोक्यात आलं, की मरण जर जाकीट बघून येणार असेल तर जाकीटच नको ना! तिने स्टोअरमधून नवंकोरं जाकीट मागून घेतलं आणि जुनं तिथल्याच खुंटीला अडकवून दिलं. स्टोअरवाल्याने विचारलं, "चांगलं आहे की, टाकताय कशाला?" ती म्हणाली, "खांद्याला काचतं."

आणि काय सांगावं, आरसा रिकामा झाला. दुसऱ्या दिवशी रिकामा, तिसऱ्या दिवशी रिकामा. मानगुटीवरचं उतरलं तशी बाई हलकी झाली. गुणगुणायला लागली. कोपऱ्यावरचं थांबणं नुसतं पेडलवरून पाय उचलण्यावर आलं, मग तेही गेलं. हॉर्न कधी द्यायची, कधी नाही. घड्याळ खूश झालं. "बाईंना पंख फुटले!" असं त्याने चारचौघांत म्हटलं, आणि बाईला ते आवडलं, हेही सांगायला हवं.

त्याच सुमारास नणंदेचं आधीचं काम सुटलं. बाईनेच घड्याळाकडे शब्द टाकला. सासूबाई कुरकुरत होत्या, "तिथे ती यंत्रं फिरतात, आणि आमची ही अशी वेंधळी."

"मी आहे ना," बाई म्हणाली. "हिच्या केसालाही धक्का लागू देणार नाही."

पहिल्या दिवशी दोघी गप्पा मारत एकत्रच आल्या. नणंद जाकीट घ्यायला स्टोअरकडे वळली. बाई शटरकडे धावली, कारण बाहेर ट्रक उभा होता आणि घड्याळ नुसतं टिकटिकत होतं. बाईने खोक्यांची चळत उचलली. चळत तिच्या डोळ्यांच्या वर गेली होती. गाडी उलटी घ्यायला हवी होती. पण वळवत बसायला वेळ लागतो, आणि आता तिला पंख होते. ती तशीच सरळ निघाली. समोर खोक्यांची भिंत, जमीन दिसायचं नाव नाही. भिंतीच्या वर फक्त मधला आरसा तेवढा दिसत होता.

आरशात नारिंगी जाकीट उभं होतं. हात वर, तळवा समोर.

बाईला राग आला. भीती नाही, राग. इतकं करूनही हे परत आलंच! 'उभी राहा तिथेच,' ती मनात म्हणाली, 'तुझं जाकीट आता माझ्या अंगात नाही.' आणि तिने पाय उचलला नाही.

तेवढ्यात आरशातला हात हलला.

तो कधीच हलला नव्हता. आता तो इकडून तिकडे हलत होता, ओळखीच्या माणसाला लांबून करतात तसा, अगदी आनंदाने. बाईने सगळा जीव ब्रेकवर घातला. गाडी कचकन थांबली, चळत पुढे कलली आणि वरची खोकी जमिनीवर आदळून फुटली. धुरळा उडाला. मग काहीच ऐकू येईना.

"वहिनी!" धुरळ्यापलीकडून आवाज आला. "अगं, हॉर्न वगैरे द्यायची पद्धत आहे की नाही?"

बाई उतरली, म्हणजे जवळजवळ पडलीच. फुटक्या टाइल्सचा ढीग नणंदेच्या बुटांना टेकला होता. ती अजून हसत होती, कारण तिला अजून काही कळलंच नव्हतं. "बघ ना, स्टोअरवाल्याने मला तुझंच ध्यान दिलं. म्हटलं चला, सूड तरी ओळखीचा आहे."

खांद्यावर हिरवे टाके होते.

"काढ ते," बाई म्हणाली.

"अगं, चांगलं तर आहे—"

"आधी काढ!"

नणंदेचं हसू मावळलं. तिने मुकाट्याने जाकीट काढलं. बाईने आपलं नवंकोरं तिच्या अंगात चढवलं आणि चेनही लहान मुलाची लावावी तशी गळ्यापर्यंत स्वतःच लावली. मग जुनं स्वतः घातलं. ते कात्रीने फाडता आलं असतं, जाळता आलं असतं. पण एकदा टाकून काय झालं ते तिने पाहिलं होतं. आता ते कुणाच्या अंगात आहे हे तिला ठाऊक असायला हवं होतं, आणि ते ठाऊक असण्याची खात्रीची जागा एकच होती. ती नणंदेला उराशी धरून कितीतरी वेळ उभी राहिली.

घड्याळ धावत आलं, बोललं, गेलं. कचरा उचलला गेला. बाई पुन्हा गाडीवर चढली. नवी चळत घेऊन, गाडी उलटी करून, मान मागे वळवून ती मधल्या कोपऱ्याकडे आली. हॉर्न दिला आणि थांबली.

आरशात तो माणूस उभा होता. तेच जाकीट, तेच टाके. पण आता हात वर नव्हता. दोन्ही हात खाली सोडून तो शांत उभा होता, हवं ते माणूस सापडल्यावर उभं राहावं तसा. बाईने मान हलवली, आलेय म्हणून सांगावं तशी. मग आरसा रिकामा व्हायची वाट बघत ती तिथेच थांबली.