थोरल्याची नक्कल

उस्तादांना दोन मुलगे होते आणि त्या दोघांनाही त्यांना ‘बाबा’ म्हणायची सोय नव्हती. लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर त्यांचा बॉक्सिंगचा हॉल, हॉलच्या मागे दोन खोल्यांचं घर. हॉलमध्ये ते उस्ताद, आणि हॉलमधून गेल्याशिवाय घरात जाता येत नाही, मग माणूस बाबा होणार कुठे? खाली हॉस्पिटलच्या चादरी उकळायच्या आणि वर फरशी तापायची. रिंगच्या एका कोपऱ्यात इमारतीचा खांब घुसलेला होता, त्याला जुनी गादी गुंडाळली होती. नवी पोरं तिथे आपटायची आणि मग शहाणी व्हायची.

धाकटा म्हणजे बैल. मान खाली घालून समोरच्याच्या अंगात घुसायचं आणि त्याच्या बरगड्यांची कणीक तिंबायची, एवढंच त्याला ठाऊक. चार ठोसे खाऊन पाच द्यायचा आणि वर दात काढायचा. थोरल्याचं सगळंच उलटं. तो अर्धं पाऊल मागे सरायचा, समोरच्याला हवेत ठोसा मारू द्यायचा आणि त्याने हात परत घ्यायच्या आत त्याच्या हनुवटीवर उजवा ठेवून मोकळा व्हायचा. त्याच्यापर्यंत काही पोचतच नाही म्हणून पोरं त्याला कुलूप म्हणायची. टाळ्या मात्र धाकट्याला. थोरल्याच्या लढतीत लोक जांभया द्यायचे आणि निकाल लागला की ‘अरेच्चा, हा जिंकला कधी?’ असं शेजाऱ्याला विचारायचे.

सकाळी थोरला खालच्या लाँड्रीत इस्त्रीच्या रोलरवर चादरी सोडायचा. ती पगाराची नोकरी. संध्याकाळची बिनपगारी नोकरी म्हणजे धाकट्याचा पुढचा प्रतिस्पर्धी होणं. पुढचा डावखुरा असला की थोरला दोन आठवडे डावखुरा. पुढचा उड्या मारणारा असला की थोरला उड्या मारायचा. नक्कल अशी हुबेहूब की धाकट्याला प्रत्यक्ष लढत म्हणजे उजळणी वाटायची. फक्त एक होतं, ती अंगाला चिकटायची. डावखुरा गेल्यावरही आठवडाभर थोरला चादरी डाव्या हातानेच उचलायचा आणि रोलरवरच्या बाया हसायच्या.

भाऊ भाऊ समोरासमोर यायला नकोत म्हणून उस्तादांनी दोघांना वेगळ्या वजनगटात ठेवलं होतं. म्हणजे धाकटा पोटभर जेवायचा आणि थोरला बारा वर्षं अर्धपोटी राहून खालच्या गटात मावायचा. त्या वर्षी बॉक्सिंगच्या संघटनेने दोन्ही गट एक करून टाकले. दोघांनीही आपापल्या लढती जिंकल्या आणि निवडीच्या शेवटच्या लढतीला उरले हेच दोघे. देशाच्या संघाच्या सराव शिबिरात जागा एक. धाकटा एकवीस वर्षांचा, त्याला अजून पुष्कळ वर्षं होती. थोरल्याला हे शेवटचं, पुढच्या वर्षी तो वयाच्या नियमाने बाद होणार होता. शिबिर मिळालं तर या तापलेल्या फरशीवरून सुटका, नाही तर जन्मभर चादरी आणि दुसऱ्यांच्या नकला. त्याला ती जागा इतकी हवी होती की त्याची त्यालाच लाज वाटायची.

लढतीला तीन आठवडे उरले तेव्हा उस्ताद म्हणाले, “उद्यापासून धाकट्याची तयारी. कुलूप कसं फोडायचं ते त्याला शिकायला हवं.”

“कोणाबरोबर शिकणार?” थोरल्याने विचारलं.

“तुझी नक्कल तुझ्याशिवाय कोणाला जमते?”

उस्ताद आता हसतील म्हणून थोरला वाट बघत राहिला. ते हसले नाहीत.

“आणि माझी तयारी?”

“तू तयारच आहेस रे. शिकायचं त्याला आहे.”

नाही म्हणावं तर म्हणून जावं कुठे? खाली लाँड्री, मागे घर, मधे उस्ताद. हो म्हणावं तर आपल्याच हाताने आपली किल्ली भावाला द्यायची. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हींच्या काठावर बाप. थोरला रात्रभर कूस बदलत राहिला आणि सकाळी त्याला त्याच्या आयुष्यातला पहिला लबाड विचार सुचला.

नक्कलच करायची ना? मग करू.

त्या संध्याकाळी मागे सरताना त्याने डावा हात जरासा खाली सोडला. चार बोटं, जास्त नाही. ही त्याची खोड नव्हती, कधीच नव्हती. त्या फटीतून धाकट्याचा उजवा आला आणि थोरल्याने तो गालावर घेतला. “शाबास! दिसलं का रे? मागे गेला की डावा पडतो!” उस्ताद ओरडले. रोज तेच. थोरला हात पाडायचा, धाकटा मारायचा, उस्ताद खूश. लढतीच्या दिवशीही तो हात पाडणार होता. फक्त त्या दिवशी धाकटा उजवा घेऊन झेपावला की डोकं बाजूला घ्यायचं आणि त्याला आपल्या उजव्यावर येऊन आदळू द्यायचं. धाकटा जाताना “दादा, उद्या जरा जोरात मार ना” म्हणायचा, तेव्हा थोरल्याला पायातला बूट काढून आपल्याच थोबाडीत मारावासा वाटायचा. मारला मात्र नाही.

लढतीच्या दिवशी पहिल्या फेरीत त्याने ठरल्याप्रमाणे हात पाडला. धाकटा आला नाही. पुन्हा पाडला. धाकट्याचा उजवा खांदा हलला आणि जागीच थांबला. मग तो खालून बरगड्यांवर आला, दोघे एकमेकांना भिडले आणि थोरल्याच्या कानाशी कुजबुज झाली, “हे तुझं नाही दादा. पहिल्याच दिवशी ओळखलं मी.”

थोरला शरमेने पाणी पाणी झाला. चला, संपलं एकदाचं. आता नाटक पुरे, हात वर ठेवून आपलं आपण लढायचं, असं ठरवूनच तो दुसऱ्या फेरीला उठला. अर्धं पाऊल मागे सरला आणि डावा खाली आला.

त्याने पाडला नव्हता. आपोआप आला होता.

त्याने दात आवळले, कोपर छातीला चिकटवलं, मनात ‘वर, वर’ म्हणत राहिला. मागे सरलं की हात खालीच. तीन आठवडे रोज शंभर वेळा शिकवलेला हात आता त्याचं ऐकेना. पुढे घुसून लढणं त्याला येत नव्हतं, मागे सरणं एवढंच येत होतं, आणि प्रत्येक वेळी मागे सरताना त्याचा जबडा दारासारखा उघडा पडत होता. एक ठोसा, एकच, आणि सगळा खेळ खलास. त्याची भीतीने गाळण उडाली.

धाकटा तिथे मारतच नव्हता. फट बघायचा, मनाशी हसायचा आणि दुसरीकडे जायचा. धाकट्याच्या कोपऱ्यातून उस्ताद बेंबीच्या देठापासून ओरडत होते, “उजवा! अरे उजवा, आंधळा झालास का?” धाकटा ऐकेना. बारा वर्षांत पहिल्यांदाच त्याने उस्तादांचं ऐकलं नाही. तिसऱ्या फेरीतही तेच. थोरल्याने सवयीने दोन-चार नेमके ठोसे ठेवले, पंचांनी ते मोजले आणि एका गुणाने जागा त्याला मिळाली.

कपडे बदलायच्या खोलीत उस्ताद आलेच नाहीत. धाकटा आला, ओठ सुजलेला, थोरल्याच्या शेजारी बाकावर बसला आणि न विचारता स्वतःच त्याच्या हातांच्या पट्ट्या सोडायला लागला.

“हरलो, पण फसलो नाही हां,” तो म्हणाला. “दुसऱ्या फेरीत काय सोंग काढलंस दादा! इतकं खरं वाटलं, मला हात आवरायला लागला.”

“ते सोंग नव्हतं.”

“बरं बरं.”

“खरं सांगतोय रे. पहिल्या फेरीत होतं. नंतर हात वरच येईना. तू मारायला हवं होतंस.”

धाकट्याने त्याच्याकडे क्षणभर बघितलं आणि तो खो-खो हसायला लागला. सुजलेला ओठ दुखला तसा हाताने दाबून धरला, तरी हसू थांबेना.

“आता तरी पुरे की,” तो म्हणाला. “जिंकलास ना?”

थोरल्याने पुन्हा सांगायला तोंड उघडलं. सोमवारी शिबिरात त्याच्यासमोर परके लोक उभे राहणार होते. त्यांना त्याची कुठलीच लबाडी माहीत नव्हती, आणि फट दिसली की ते सरळ मारणार होते. धाकटा दुसरी पट्टी सोडत होता, अजून हसत होता, आणि थोरल्याला त्याला पटेल असं एकही वाक्य सुचेना.