सहावा खळगा

मित्रांनो, बंदुकीला माणसं घाबरतात हे तुम्हाला माहीत आहे. बंदूकही घाबरते, हे मात्र तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. मी मोंटानाच्या डोंगरातली एक जुनी लिव्हरची रायफल आहे. गेल्या नोव्हेंबरात मी चार दिवस इतकी घाबरले होते, की ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझी नळी पोलादाची आणि खांद्याला टेकवायचा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. हाताची मूठ बसते तिथं खाली कडीसारखा एक दांडा आहे. तोच लिव्हर. तो खाली ओढून परत वर आणला, की नळीतलं काडतूस बाहेर उडतं आणि त्याच्या जागी दुसरं जाऊन बसतं. तेव्हा 'खट्-खटाक्' असा आवाज होतो. ज्यांनी ज्यांनी मला जीव लावला, त्यांचा जीव आधी या आवाजावर जडला. मला हातात घेतलेला एकही माणूस लिव्हर ओढल्याशिवाय राहिलेला नाही. माझ्या भीतीचं मूळ तिथंच आहे.

दूर पूर्वेकडच्या एका कारखान्यात मी तयार झाले. आगगाडीनं इकडे आले आणि गावातल्या लोखंडी सामानाच्या दुकानात, दोरांची वेटोळी आणि दुधाच्या बादल्या यांच्या मध्ये उभी राहिले. गुरं पाळणारी माणसं खिळे घ्यायला येत, मला उचलत, एकदा लिव्हर ओढत आणि सुस्कारा सोडून परत ठेवत.

एक दिवस आक्सेल नावाचा उंच माणूस आला. त्यानं एकदा नाही, चारदा लिव्हर ओढला.

दुकानदार म्हणाला, "आक्सेल, घ्यायची तर घे, नाही तर ठेव खाली. डोकं उठलं माझं."

"रविवारी पोरगी बारा वर्षांची होतेय."

"पोरीला बंदूक देणार?"

"मग काय घोड्याला देऊ?"

अशी मी त्याच्या पोरीची, इंगाची झाले. आमच्या डोंगरात बाराव्या वाढदिवसाला अशी भेट देतात. त्या वयात शिकारीचे नियम शिकवतात, परीक्षा घेतात, आणि मग घरातलं कुणीतरी बंदूक हातात ठेवतं. इंगानं मला कधी खेळणं मानलं नाही. हिवाळ्याचं मांस आणायचं काम आम्ही दोघी मिळून करायचो. शिकारीहून आली की ती आधी मला पुसायची, तेल लावायची, आणि मग स्वतःचे ओले मोजे काढायची.

तिसऱ्या वर्षी घोडा घसरला. मी खोगिराच्या बाजूला चामड्याच्या म्यानात होते. घोडा माझ्या अंगावरून गडगडला. इंगाचा पाय वाचला, पण मला पोचा आला. माझ्या नळीखाली आणखी एक बारीक नळी आहे, तिच्यात सहा काडतुसं एकामागे एक राहतात. त्या बारीक नळीला तांदळाच्या दाण्याएवढा खळगा पडला. काडतुसं आत जायची, पण बाहेर येताना शेवटचं कधी कधी तिथं अडकायचं. लिव्हर ओढला तरी काही यायचं नाही. माणसाला वाटायचं, रिकामी झाली. आणि मी रिकामी झालेली नसायचे.

आक्सेल म्हणाला, "पुढच्या हंगामाआधी दुरुस्त करून आणू." ते 'पुढच्या हंगामाआधी' साठ वर्षं लांबलं.

इंगाच्या आईनं मात्र त्याच दिवशी स्वयंपाकघरातून मफिन भाजायचा पत्र्याचा साचा आणला. सहा खळग्यांचा. म्हणाली, "यात सहा, तिच्यात सहा. शिकारीहून आलीस की दाराबाहेर एकेक काडतूस एकेका खळग्यात टाकायचं. एक जरी खळगा मोकळा राहिला, तरी बंदूक घरात आणायची नाही."

दाराबाहेर खिळा ठोकला गेला आणि साचा त्यावर लटकला. पाच खळगे भरले आणि सहावा मोकळा राहिला, की इंगा माझी नळी आकाशाकडे करायची, दस्ता बुटावर दोनदा आपटायची आणि पुन्हा लिव्हर ओढायची. सहावं काडतूस टपकन पडायचं. त्या आवाजानंतर मी निर्धास्त व्हायचे.

मग ओरिन आला. तो शेजारच्या गुरांच्या रँचवर कामाला होता. गवताच्या गासड्या घ्यायला आला आणि माझ्याकडे बघतच राहिला. मला उचलून तो लिव्हर ओढणार, तेवढ्यात इंगा म्हणाली, "आधी साचा."

"कसला साचा?"

"ज्याला साचा माहीत नाही, त्यानं लिव्हर ओढायचा नाही."

पुढच्या जूनमध्ये त्यांचं लग्न झालं. ओरिनचा मित्र डेल्बर्ट आजही सगळ्यांना सांगतो, "यानं लग्न रायफलशी केलं, इंगा आंदण आली." ओरिन म्हणायचा, "गप बस, तुला तर आंदणही मिळालं नाही." इंगा दोघांच्या कपात कॉफी ओतून म्हणायची, "दोघंही गप बसा."

ती गेल्या मार्चमध्ये गेली. दवाखान्यात गेली ती परत आलीच नाही.

दफनाच्या दिवशी चर्चमधल्या बायका आल्या. त्यांनी घर झाडलं, पावासाठी पीठ मळलं. भांडी कमी पडली म्हणून एकीनं दाराबाहेरचा साचा घेतला, घासून लख्ख केला, त्यात छोटे पाव भाजले आणि शेवटी तो ओव्हनखालच्या खणात ठेवून दिला. त्यांची काहीच चूक नव्हती. त्यांना वाटलं, भांडं स्वयंपाकघराचं आहे.

ओरिननं साचा शोधला नाही. मोकळ्या खिळ्याकडे न बघता आत जायची त्याला सवय लागली. तो इंगाची खुर्ची हलवायचा नाही आणि तिचा कोटही काढायचा नाही. माझ्यावर धूळ बसली. तेल लावायला कुणी येईना. मला वाईट वाटलं, पण तेव्हा भीती नव्हती. तेव्हा मी खरोखर रिकामी होते.

नोव्हेंबरात डेल्बर्ट आला आणि त्यानं फ्रीझर उघडून पाहिला.

"अरे लेका, यात बर्फाशिवाय काही नाही. डब्यातल्या घेवड्यावर हिवाळा काढणार आहेस?"

"मला भूक नसते."

"मला असते. ऊठ. रायफल घे."

ओरिननं माझ्यात सहा काडतुसं भरली. आम्ही डोंगरावर गेलो. दुपारी एक हरिणी झाडीतून बाहेर आली आणि थांबली. ओरिननं मला खांद्याला लावलं. बराच वेळ तो तसाच उभा राहिला. मग त्यानं मला खाली केलं. हरिणी निघून गेली. डेल्बर्ट एकदाही ओरडला नाही, फक्त म्हणाला, "चल, थंडी वाढतेय."

घरी आल्यावर अंगणात, पिकअपच्या मागच्या फळीवर ओरिननं मला रिकामं करायला घेतलं. बोटं गारठली होती. डेल्बर्ट त्याच्या बैलाच्या खोकल्याबद्दल बोलत होता. एक, दोन, तीन, चार, पाच काडतुसं फळीवर पडली. ओरिननं पुन्हा लिव्हर ओढला. काही आलं नाही. आणखी एकदा ओढला. काही आलं नाही.

त्याची नजर सवयीनं खिळ्याकडे गेली. खिळा मोकळा होता. त्यानं लगेच मान फिरवली, फळीवरची काडतुसं न मोजता कोटाच्या खिशात टाकली आणि मला घरात आणून दारावरच्या खुंट्यांवर ठेवलं.

सहावं माझ्या पोटात होतं.

मित्रांनो, मला तोंड नाही. मला एकच आवाज काढता येतो, आणि तोच तर मला नको होता. चार दिवस मी त्या दारावर पडून होते. खालून ओरिन जायचा-यायचा. दार आपटलं की आतलं काडतूस थरथरायचं. ते सुटून खाली आलं, तर पुढचा लिव्हर ओढणारा माणूस ते नळीत चढवणार होता. आणि मला हातात घेणारा प्रत्येक माणूस लिव्हर ओढतो. मी प्रार्थना करायचे, कुणाचा हात इकडे येऊ नये. पण मला माहीत होतं, रविवारी येणार होता. रविवारी ओरिनची नात ब्रिटा बारा वर्षांची होणार होती, आणि मला तिच्या हातात द्यायचं इंगानंच ठरवून ठेवलं होतं.

रविवारी सकाळी डेल्बर्ट बेरीचा केक घेऊन सगळ्यांच्या आधी आला. त्यानं हात पुसले आणि मला खाली काढलं.

"द्यायच्या आधी एकदा भेटून घेतो हिला." खट्-खटाक्. "वा! बायका म्हाताऱ्या होतात, मी म्हातारा झालो, हिचा आवाज बघ."

काडतूस पोच्यापाशीच होतं. ते आलं नाही. डेल्बर्टनं मला खांद्याला लावलं आणि खिडकीतून कुंपणाच्या खांबावर नेम धरला. नेमकी तेव्हाच एक गाडी खांबापाशी येऊन थांबली. दार उघडलं. लाल टोपी घातलेली ब्रिटा उतरली. माझ्या नळीच्या टोकावर ती लाल टोपी होती.

ओरिन म्हणाला, "डेल्बर्ट, खिडकीकडे नको."

"रिकामी आहे रे. तूच केलीस ना?"

आणि त्यानं चाप ओढला.

टक्.

नळी रिकामी होती. सहावं काडतूस आणि ती लाल टोपी यांच्या मधे फक्त तांदळाच्या दाण्याएवढा पोचा होता. डेल्बर्टनं हसत मला खाली टेकवलं. दस्ता जमिनीवर आपटला, आणि त्या धक्क्यानं सहावं काडतूस सुटलं. ते सरकत खाली आलं आणि जागेवर येऊन थांबलं. आता फक्त एकदा लिव्हर ओढायचा उरला होता.

जेवण झालं. भाजलेलं मांस, बटाटे, केक. मी भिंतीला टेकून उभी होते. सगळी हसत होती. मी त्यांच्याकडे बघत होते आणि यातल्या कुणाला लागणार, एवढंच माझ्या मनात येत होतं.

मग ओरिन उठला. त्यानं मला दोन्ही हातांत धरून ब्रिटासमोर नेलं. "ही तुझ्या आजीची. आता तुझी."

ब्रिटानं मला घेतलं. तिचे हात इंगासारखे आहेत, बोटं आखूड आणि घट्ट. तिनं नळी जमिनीकडे धरली.

डेल्बर्ट म्हणाला, "अगं, बघत काय बसलीस? ओढ लिव्हर! आवाज ऐकू दे."

ब्रिटा म्हणाली, "आजोबा, साचा कुठंय? बाहेर खिळ्यावर नाही."

ओरिन म्हणाला, "साचा कशाला? रिकामी आहे ती. मी स्वतः केलीय."

"पण साच्यात मोजली का?"

"ब्रिटा, मी पन्नास वर्षं बंदूक हाताळतोय."

तिची आई, म्हणजे ओरिनची मुलगी कारिन, म्हणाली, "बाळा, आजोबा सांगतायत ना? वाढदिवसाच्या दिवशी वाद नको."

"आण इकडे, मी दाखवतो," म्हणत डेल्बर्टनं हात पुढे केला.

ब्रिटानं मला छातीशी धरलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण पकड सैल झाली नाही. "आजीनं माझ्याकडून वचन घेतलंय. साचा नाही, तर लिव्हर नाही. ती नाहीये, म्हणून मी विचारतेय."

मग कारिन उठली. भाजायची भांडी ठेवायचा ओव्हनखालचा खण तिनं ओढला आणि साचा काढला. तो लख्ख दिसत होता. ओरिननं मार्चनंतर तो पहिल्यांदाच पाहिला. मग तो खुंटीवरच्या कोटाकडे गेला आणि खिशातली काडतुसं एकेका खळग्यात टाकू लागला.

एक. दोन. तीन. चार. पाच.

त्यानं खिशात पुन्हा हात घातला. खिसा उलटा केला. गवताच्या काड्या पडल्या आणि खाऊच्या गोळीचा एक चुरगळलेला कागद. सहावा खळगा मोकळाच राहिला.

डेल्बर्ट हळूच म्हणाला, "पिकअपमध्ये पडलं असेल."

ओरिननं ब्रिटाच्या हातातून मला अगदी सावकाश घेतलं. सगळी त्याच्या मागून अंगणात आली. त्यानं सगळ्यांना पाठीमागे उभं केलं, नळी मातीच्या चढाकडे धरली आणि लिव्हर ओढला. खट्-खटाक्. मग पुन्हा एकदा. पिवळं काडतूस उडालं आणि बर्फात पडलं.

डेल्बर्ट पिकअपच्या फळीवर बसला. त्यानं टोपी काढली. "ओरिन, मी मघाशी खिडकीतून..." ब्रिटाच्या लाल टोपीकडे बघायचं त्याला जमेना.

ब्रिटानं काडतूस उचललं, बाहीनं पुसलं आणि सहाव्या खळग्यात ठेवलं.

ओरिन म्हणाला, "इंगानं मला आज घरात घेतलं नसतं."

"घेतलं असतं," ब्रिटा म्हणाली. "पण मोजल्यावर."

तेव्हा ओरिन रडला. दफनाच्या दिवशी तो रडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो मला गावात घेऊन गेला आणि साठ वर्षं राहिलेली दुरुस्ती झाली. बारीक नळी नवी बसली. काडतूस आता अडकत नाही. तरीही साचा परत खिळ्यावर आहे. कारिननं स्वयंपाकघरासाठी दुसरा आणला. ब्रिटा आली की मला तेल लावते आणि मोठ्यानं सहापर्यंत मोजते. ओरिन दारात उभा राहून तिच्याबरोबर मोजतो.

मित्रांनो, माझ्या आवाजावर तुमचा जीव जडला, तर मला बरंच वाटेल. पण मला कुणी 'रिकामी आहे' म्हणून तुमच्या हातात दिलं, तर त्याचं ऐकू नका, मग तो तुमचा लाडका आजोबा का असेना. आणि मोठं माणूस जवळ नसेल, तर मला हातच लावू नका. आणखी एक मागते. घरातलं माणूस गेलं, की लोक त्याचे कपडे घडी घालून ठेवतात, फोटो लावतात. पण ते माणूस रोज एखादं लहानसं काम करत असतं, आणि ते कुणाच्या लक्षातही नसतं. ते काम शोधा. आमच्या घरात ते आठ महिने ओव्हनखालच्या खणात पडून होतं, आणि मी दारावर पडून त्याची वाट बघत होते.