लव्हॉनचं गिरमीट

आमच्या स्पून लेकवर एक नियम आहे. तो कुणी कुठे लिहून ठेवलेला नाही, म्हणूनच सगळे पाळतात. हिवाळ्यात तळं गोठलं की मासे धरायला बर्फाला भोक जो पाडून देईल, त्याला त्या भोकाशेजारी बादली उपडी घालून बसायचा हक्क. मासे ज्याच्या गळाला लागतील त्याचे. पण शेजारी बसणं आणि बोलणं पाडणाऱ्याचं.

या नियमापायी लव्हॉन स्कोग्लंडच्या नाकी नऊ आले होते.

लव्हॉन म्हणजे आमच्या शाळेत जन्मभर स्वयंपाक केलेली बाई. निम्म्या गावाने तिच्या हातची हॉटडिश, म्हणजे भट्टीत भाजलेला खिमा-बटाट्याचा थर, आवडीने खाल्ली आहे आणि उरलेल्या निम्म्याने भीतीने. तिचा नवरा वेंडल होता तोवर दर हिवाळ्यात तो हाताने गिरमीट फिरवून दोन भोकं पाडायचा, एक तिचं आणि एक स्वतःचं. मग अंधार पडेपर्यंत दोघं तोंडातून अवाक्षर न काढता बसायची. फार सुखाचा संसार होता. वेंडल गेला, त्याचं गिरमीट राहिलं. पण पातेली उचलून उचलून लव्हॉनची मनगटं कामातून गेलेली, तिला ते फिरवता येईना. तेव्हा शेजारचा ऑरिन फ्लाटेन आपणहून पुढे आला.

ऑरिनकडे बॅटरीवरचं नवंकोरं गिरमीट. बटण दाबलं की लोण्यात सुरी. भोक चुटकीसरशी पडे, पण मग शेजारी बादली उपडी होई आणि ऑरिनच्या गुडघ्याचं ऑपरेशन सुरू होई. डॉक्टर काय म्हणाला, ऑरिन काय म्हणाला, त्यावर नर्स कशी हसली. उजवा गुडघा संपेपर्यंत दुपार होई आणि जेवणानंतर डावा निघे. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर हाकलून तरी देता आलं असतं.

यंदाच्या उन्हाळ्यात ऑरिनच्या खांद्याचंही ऑपरेशन झालं. ते कळलं त्याच दिवशी लव्हॉनने मनाशी ठरवलं की या हिवाळ्यात आपलं भोक आपण पाडायचं. तिला वेंडलची आठवण येत होती, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त त्याच्या गप्प बसण्याची येत होती. एक हिवाळा तरी तशी शांतता हवी, एवढंच तिचं मागणं होतं.

चर्चच्या तळघरात जुन्या वस्तूंचा बाजार भरला, तिथे नाताळच्या दिव्यांच्या गुंत्याखाली तिला पेट्रोलचं गिरमीट सापडलं. दांड्याला चिकटपट्टी, टाकीला पोचा, पात्यांना गंज. वर चिठ्ठी होती, "चालत होतं." यात 'होतं' हा शब्द किती प्रामाणिक आहे हे लव्हॉनला घरी गेल्यावर कळलं.

ओट्यावर जुनी वर्तमानपत्रं पसरून तिने यंत्राची शस्त्रक्रिया आरंभली. टाकी उघडली तर आत पेट्रोलचा पाक झालेला. कार्बोरेटरची भोकं त्या पाकाने अशी बुजली होती, की तिने पावाच्या पिशवीला बांधायची बारीक तार सोलली आणि एकेक भोक कोरून काढलं. उरलेला कार्बोरेटर तिने सुपाच्या पातेल्यात उकळला. त्या पातेल्यातल्या सुपाला पुढे कित्येक आठवडे गॅरेजची चव येत होती, पण चर्चच्या जेवणात सगळ्यांनी "वेगळीच चव आहे हं" असं म्हणून ते संपवलं. यंत्र सुरू करायच्या दोरीवरची टोपी उघडायला गेली तर आतली स्प्रिंग सुटली, दिव्याला धडकली, मांजराला घाबरवून फडताळामागे जाऊन पडली. ती परत गुंडाळून बसवताना लव्हॉन जे बोलली ते शाळेच्या स्वयंपाकीणबाईला शोभणारं नव्हतं.

कार्बोरेटरचा रबरी पडदा मात्र पार कडक झाला होता. नवा घ्यायला ती गेलनच्या दुकानात गेली. गेलन पुढच्या बाजूला आमिषाचे जिवंत मासे विकतो आणि मागच्या बाजूला यंत्रं दुरुस्त करतो. त्याने गिरमिटाकडे बराच वेळ पाहिलं.

"लव्हॉनबाई, हे यंत्र... वेगळंच आहे हं."

आमच्याकडे 'वेगळंच आहे' म्हणजे 'बाहेर नेऊन पुरा'.

"ते मला दिसतंय," लव्हॉन म्हणाली. "तू पडदा दे. आणि नवी पाती दे."

"नाही म्हणजे, नवं यंत्र घेतलंत तर..."

"तिसरीत असताना तुला दोनदा पुडिंग वाढायची, ते विसरलास?"

"नाही बाई."

"मग पडदा काढ."

गेलनने मुकाट्याने पडदा काढला, पाती कागदात गुंडाळली आणि विचारलं, "पाती मी लावून देऊ का?"

"नको रे. जमेल मला."

"अहो, दोन मिनिटांचं काम आहे."

"कशाला तुला त्रास."

आता हे कुणालाही सांगायला नको, की आमच्याकडे कुणी काही देऊ केलं की दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा हो. कॉफी असो, केक असो, की बर्फात रुतलेल्या गाडीला धक्का असो. लव्हॉनच्या जिभेवर 'हो' तयार होता, ती फक्त तिसऱ्या विचारण्याची वाट बघत होती. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आमिषाचे मासे मागायला आत आलं, गेलन जाळी घेऊन तिकडे वळला आणि तिसरं विचारणं राहूनच गेलं. लव्हॉन थोडा वेळ थांबली, मग पाती घेऊन घरी आली. पाती तिने स्वतःच लावली. उलटी.

सगळं जोडून झाल्यावर एक लाल गोल बटण उरलं. लव्हॉनने ते सगळीकडे लावून पाहिलं. यंत्र जोडून झालं की एखादा तुकडा उरतोच, तो शोभेचा असणार, असं म्हणून तिने ते बशीत टाकून खिडकीत ठेवलं. मग टाकीत झाकणभर तेल मिसळलेलं पेट्रोल घालून अंगणात दोरी ओढली. एकदा, पुन्हा, पुन्हा. शेवटी यंत्र खोकलं, शिंकलं, निळा धूर सोडून गरजलं आणि पेट्रोल संपल्यावर शहाण्या पाहुण्यासारखं आपणहून गप्प झालं. लव्हॉनला इतका आनंद झाला, की तिने मांजरालाच बोलावून सांगितलं. मांजर उठून गेलं.

तळं नीट गोठलं, त्या शनिवारी अख्खं गाव बर्फावर होतं. लव्हॉन घसरगाडीवर गिरमीट घालून आली तशी एकेक मान वळली. तिने वेंडलची जुनी जागा गाठली, टाकीत थोडंसं पेट्रोल घातलं आणि दोरी ओढली. यंत्र पहिल्याच झटक्याला सुरू झालं! तिने दोन्ही हातांनी ते दाबून धरलं. गिरमीट गरगरा फिरलं आणि बर्फावर जागच्या जागी फिरतच राहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. बर्फ काही कापला जाईना, नुसता घासला जाऊन आरशासारखा चकाकायला लागला.

आम्ही सगळे जवळ आलो. उलटी पाती आम्हा प्रत्येकाला दिसत होती. पण विचारल्याशिवाय कुणाची चूक दाखवायची म्हणजे त्याच्या घरात शिरून त्याचा पलंग हलवण्यासारखं, ते आमच्याकडे चालत नाही.

"आवाज छान आहे," एकजण म्हणाला.

"बर्फ काय गुळगुळीत झालाय," दुसरा म्हणाला.

"रंग टिकलाय अजून," गेलन म्हणाला आणि बुटांकडे बघायला लागला. त्याच्या मनाला ते तिसरं विचारणं खात असावं.

ऑरिन आपलं बॅटरीचं गिरमीट छातीशी धरून पुढे आला. "लव्हॉन, मी पाडून देऊ का?"

"नको रे. होतंय."

ऑरिन थांबला. वारा उत्तरेचा, बोचरा. बाकीचे जण आपली यंत्रं गाडीच्या उबेत ठेवून आले होते. हा मात्र लव्हॉन कधी हो म्हणेल सांगता येत नाही म्हणून यंत्र हातात तयार धरून उभा. लव्हॉन दाबत होती, बर्फ चकाकत होता.

"पाडतोच मी. काय एवढं!"

"राहू दे ऑरिन, तुझा खांदा."

"खांद्याचं म्हणशील तर," ऑरिनचा चेहरा उजळला, "तो डॉक्टर मला म्हणाला..." मग त्याला नियम आठवला. भोक अजून पडलेलं नव्हतं. त्याने शब्द गिळले.

लव्हॉनच्या टाकीतलं पेट्रोल संपलं, यंत्र विझलं. ऑरिनने घसा साफ केला आणि तिसऱ्यांदा विचारलं, "लव्हॉन, पाडू का गं?"

सगळ्यांना वाटलं, झालं, आता हो म्हणेल. लव्हॉनलाही क्षणभर तसंच वाटलं. हात भरून आले होते, नाकाचं पाणी गोठलं होतं. पण तिच्या डोळ्यांपुढे अख्खा हिवाळा उभा राहिला: उजवा गुडघा, डावा गुडघा, आणि आता खांदा.

"नको," ती म्हणाली.

तिसऱ्यांदा नको! स्पून लेकवर हे कुणी कधी ऐकलं नव्हतं. एका म्हातारीने "उफ दा!" म्हणून छातीला हात लावला. ऑरिन आ वासून बघत राहिला. तीनदा विचारून झाल्यावर सभ्य माणसाने पुढे काय करायचं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. त्याचे कान लाल झाले आणि साठ वर्षांची सभ्यता एका झटक्यात सुटली.

"अगं बये, पाती उलटी लावलीयेस तू! उलटी! आंधळ्यालासुद्धा दिसतंय!"

लव्हॉनने गिरमीट उलटं करून पाहिलं. मग गेलनकडे हात केला. त्याने चुपचाप खिशातून पाना काढून दिला. या वेळी कुणी काही विचारलं नाही, कुणी नको म्हटलं नाही.

पाती सुलटी झाली. लव्हॉनने आता टाकी काठोकाठ भरली आणि दोरी ओढली. गिरमीट बर्फात असं घुसलं की ती स्वतः दोन पावलं मागे गेली. भसाभस पांढरा भुगा उडाला, खालून पाणी उसळलं, आणि भोक पडलं! तिचं स्वतःचं, गोल, काळंभोर भोक. आम्ही टाळ्या वाजवल्या. लव्हॉन हसत यंत्र बंद करायला गेली.

बंद करायचं बटण घरी बशीत होतं.

वेग कमी करायचा खटकाही थंडीने अडकून बसला होता. गेलन हातवारे करत ओरडत होता, "चोक ओढा, चोक! बंद पडेल!" पण त्या आवाजात कोण ऐकतंय. गरजणारं गिरमीट हातात, ठेवावं तर उड्या मारेल, फेकावं तर कुणाच्या पायावर. लव्हॉनला एकच सुचलं: ते बर्फात घालत राहायचं. तिने शेजारी दुसरं भोक पाडलं. मग तिसरं. मग ती चालतच सुटली, आणि आम्ही बादल्या, खुर्च्या, कुत्री उचलून वाट देत गेलो. गेलनसमोर एक पडलं, त्या म्हातारीच्या दोन्ही बाजूंना एकेक. नको म्हणायला कुणाला उसंतच मिळाली नाही.

ऑरिन लांब जाऊन आपल्या बादलीवर पाठ फिरवून बसला होता. केलेल्या असभ्यतेची लाज तर होतीच, शिवाय आणखी एक घोळ झाला होता. थंडीत इतका वेळ हातात धरल्याने त्याची बॅटरी मेली होती. त्याच्यापुढे नुसता सपाट बर्फ होता. लव्हॉन त्याच्यासमोर येऊन थांबली, गिरमीट टेकवलं, भोक आरपार पाडलं. आणि शेवटचा भुगा उडाला तेव्हाच टाकी संपली.

ऑरिनने भोकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मी विचारलं नव्हतं."

"मी तरी कुठे विचारलं होतं, पाती सुलटी आहेत का म्हणून?"

ऑरिन खाली बघून पुटपुटला, "चुकलं माझं."

"चुकलं कसलं? तू ओरडला नसतास तर वसंतापर्यंत बर्फच पुसत बसले असते."

तिची जागा तिकडे लांब होती, भोक पडलेलं, आजूबाजूला चिटपाखरू नाही. जशी हवी होती तशी शांतता. लव्हॉनने तिकडे एकदा पाहिलं. मग हातातल्या यंत्राकडे पाहिलं. पाक झालेलं पेट्रोल, पावाच्या पिशवीची तार, उडालेली स्प्रिंग, उकळलेला कार्बोरेटर. एवढं सगळं केलं आणि ऐकलं कुणी, तर एका मांजराने, तेही अर्धवट. पोट नुसतं फुगलं होतं सांगायला.

तिने ऑरिनची जादा बादली ओढली, त्याच्या भोकाशेजारी उपडी घातली आणि ऐसपैस बसली.

"लव्हॉन," ऑरिन घाईघाईने म्हणाला, "मला वाटतं, मी आता घरी..."

"बस," ती म्हणाली. "भोक मी पाडलंय. तर ऐक, चर्चच्या तळघरात मी पायऱ्या उतरत होते, तिथपासून सांगते."