दोघांनी पाहिला तरच

"सहा अठ्ठेचाळीस," हे म्हणाले. "लिही. कालवा, सहा अठ्ठेचाळीस."

"लिहिलं. आता पक्षी सांगा लवकर, माझे पाय गारठलेत."

"मी सांगायचा नाही. तू पाहायचा. नियम काय आहे?"

नियम मला आता पाठ झाला होता. पुढच्या रविवारी पक्षी मोजायची स्पर्धा होती. उजाडल्यापासून मावळेपर्यंत गावाच्या हद्दीत ज्यांना जास्त जाती दिसतील ते पहिले. संघ दोघांचा, आणि पक्षी दोघांनी पाहिला तरच धरायचा. एकट्याने पाहिलेला पक्षी म्हणजे न पाहिलेला. म्हणून आठ दिवस आधी सगळ्या जागा हिंडून घ्यायच्या, कुठे किती वाजता काय असतं, इथून तिथे जायला किती मिनिटं लागतात, ते टिपून ठेवायचं. गेली अकरा वर्षं हे काम हे आणि पोस्टमन मिळून करायचे. यंदा पोस्टमनच्या जागी मी. लोकांचे कपडे उसवून, आवळून, लांबी कमी करून देणारी बाई. तीस वर्षांच्या संसारात मला कावळा आणि चिमणी यांपलीकडे तिसरा पक्षी कधी ओळखता आलेला नव्हता.

"तो काळा-पांढरा," मी म्हटलं. "सारखी शेपटी हलवतोय."

"शाबास. धोबी म्हणतात त्याला."

"धोबी आहे तर शिंपीही असेल."

"आहे ना. तोही दिवसभर बडबडतो."

किती महिन्यांनी ह्यांनी माझी थट्टा केली होती! मी गुपचूप धोबी लिहिला.

हे सांडपाण्याच्या प्लांटवर ऑपरेटर आहेत. गावाच्या मोऱ्यांतून जे वाहतं ते सगळं ह्यांच्याकडे येतं, तळ्यातळ्यांतून थांबत निवळतं आणि मग नदीला मिळतं. स्पर्धेतली मंडळी ह्यांना 'टाकीवाले' म्हणतात. ड्युटीवरून आले की बूट दाराबाहेर आणि स्वारी थेट मोरीत. मग तिथून ओरडून सांगायचे, "अगं, आज सात शेकाटे! बदकं तर मोजताच येईनात!" मी मशीन चालवता चालवता "हं" म्हणायचे. तीस वर्षं मी हंच म्हणत आले.

गेल्या वर्षी ह्यांनी तीन नंबरच्या तळ्यावर एक पक्षी पाहिला. पाण्यावर बसून स्वतःभोवती गरगर फिरणारा. इकडे तो कधी कुणी पाहिलेला नाही म्हणे. पोस्टमन नेमका तेव्हा गेटवर चहा प्यायला गेलेला. संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये याद्या वाचल्या गेल्या, तेव्हा पोस्टमन म्हणाला, "मी नाही बुवा पाहिला." मास्तरांनी, म्हणजे निवृत्त विज्ञान शिक्षकांनी, स्पर्धेचं रजिस्टर तेच सांभाळतात, त्या नावावर रेघ मारली. इथपर्यंत ठीक होतं, नियम तो नियम. पण मागून कुणीतरी ओरडलं, "टाकीवाल्यांना वास चढला!" आणि सगळा हॉल खो खो हसला.

हे घरी आले, मला सगळं सांगितलं. माझ्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून मी काय विचारावं? "पण खरंच पाहिलात का हो?"

हे एवढंच म्हणाले, "जाऊ दे."

त्या दिवसापासून मोरीतून फक्त पाण्याचा आवाज. पक्षी बंद. आधी मी म्हटलं, रुसलेत, येतील ताळ्यावर. मग शर्टाचा खिसा शिवताना डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी सापडली. डोळे उत्तम, असं लिहिलं होतं. मग ह्यांच्या सोबत काम करणाऱ्याची बायको बाही आवळायला आली आणि सहज बोलून गेली, "भाऊजी हल्ली प्रत्येक मीटर दुसऱ्याला दाखवतात हो. बघ रे, चारच आहे ना, म्हणून. साहेबांकडे गेटवर बदली मागितलीय." एकतीस वर्षं रात्री-अपरात्री मीटर वाचणारा माणूस. चार आहे का म्हणून विचारतो! आणि पोस्टमन तर मास्तरांच्या संघात गेलेला. तेव्हा मी म्हटलं, यंदा दुसरी मी. हे आधी हसले, मग म्हणाले, "तुला कंटाळा येईल." मी म्हटलं, "येऊ दे."

कालव्यावर वीस मिनिटं झाली. मग दवाखान्यामागची मोठी झाडं, तिथे पंचवीस. मग वीटभट्टीचा खड्डा. तिथे मला खंड्या दिसला आणि मी एवढ्या मोठ्यांदा ओरडले की तो उडूनच गेला. "पुढच्या रविवारी तोंडात टाचण्या धर," हे म्हणाले. नऊ वाजले तशी ह्यांनी माझ्या हातातली वही मिटली.

"झाल्या जागा. चल घरी."

"आणि प्लांट?"

"तिथे काय बघायचं? मी रोज असतो की."

"तुम्ही असता. मी नसते. दोघांनी पाहायचं ना?"

"वास येतो तिथे."

"तीस वर्षं तुमचे शर्ट कोण धुतंय?"

हे प्लांटच्या रस्त्याला वळले.

नाक धरून दुर्बीण लावता येत नाही, हे मला तीन नंबरच्या तळ्यावर कळलं. दुर्बिणीला दोन हात लागतात. मी रुमाल दातांत धरला आणि पाहू लागले. बदकं होती. लांब लाल पायांचे शेकाटे होते, ते मी आपले आपण ओळखले. हे माझ्या मागे उभे होते. आणि एकाएकी मागून ह्यांचा श्वास अडकल्यासारखा झाला.

"काय झालं?"

"काही नाही. तू त्या पाइपाच्या डावीकडे बघ. मी काहीच सांगणार नाही. काय दिसतं ते तू सांग."

"पाइपाच्या डावीकडे... पाणी आहे. फेस आहे. थांबा. एक लहानसा आहे."

"केवढा?"

"चिमणीपेक्षा थोडा मोठा. पोहतोय."

"बदकाचं पिल्लू असेल," हे म्हणाले.

"छे हो! पिल्लू कसलं. चोच बघा की, मशीनच्या सुईसारखी. बारीक, सरळ, काळी. खालून पांढरा आहे. पाठ राखाडी, तिच्यावर उभ्या पांढऱ्या रेघा, टीप मारल्यासारख्या. आणि डोळ्यामागे काळं आहे. काजळ फिसकटल्यासारखं."

"काय?"

"काजळ. डोळ्यापासून मागे कानाकडे. अगंबाई! तो फिरतोय. अहो, तो गरगर फिरतोय! जागच्या जागी! एक, दोन, तीन... चक्कर नाही का येत त्याला?"

मी दुर्बीण खाली केली आणि वळले. हे तळ्याच्या कठड्यावर बसले होते. दोन्ही हातांनी गुडघे धरलेले. मला वाटलं छातीत दुखतंय.

"अहो!"

"डोळ्यामागचं काळं," हे म्हणाले, "मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुलाही नाही."

"नाही सांगितलंत."

"कुणी विचारलंच नाही. कसा होता म्हणून एकानेही विचारलं नाही. सगळे हसले." ह्यांनी तळ्याकडे पाहिलं. "मला वाटायला लागलं होतं, मी पाहिलाच नाही. रोज इथे उभा राहायचो आणि वाटायचं, फेस असेल, पिशवी असेल. मग वाटलं, आपल्याला असं नसलेलं दिसत असेल तर मीटर कसे वाचायचे? कुणाचा जीव जायचा एखाद्या दिवशी."

मी त्यांच्या शेजारी बसले. रुमाल कुठे पडला होता कोण जाणे. वास येत होता, येऊ दे म्हटलं.

"मीसुद्धा विचारलं होतं," मी म्हटलं. "खरंच पाहिलात का म्हणून. त्यांचं हसणं एक वेळ परवडलं, पण मी विचारायला नको होतं. चुकलं माझं."

"हो, चुकलं," हे म्हणाले. तीस वर्षांत ह्यांनी मला असं तोंडावर कधी म्हटलं नव्हतं, आणि मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! मग डोळे पुसत म्हणाले, "लिही. नऊ सत्तावीस. तीन नंबर. एक."

सोमवारी हे साहेबांना सांगून आले, गेट नको, मीटरच बरे.

पक्षी शुक्रवारपर्यंत रोज होता. मोरीतून रोज खबर यायची आणि मी मशीन थांबवून ऐकायचे. शनिवारी खबर आली, गेला. रविवारी आम्ही दोनदा तीन नंबरवर गेलो, एकदा सकाळी, एकदा ऊन उतरल्यावर. नव्हताच.

संध्याकाळी हॉल गच्च भरला होता. मी ह्यांच्या कानाशी लागले, "लिहा की हो. तुम्ही पाहिलाय, मी पाहिलाय. दोघं झाले."

"आज पाहिलास?"

"आज नाही, पण..."

"मग झालं तर."

आमची पाळी आली. हे उभे राहून एकेक नाव वाचू लागले. तीन नंबरचं तळं आलं तसे मास्तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "आणि तो गरगर फिरणारा? यंदा तर घरचाच साक्षीदार आणलाय!" मागे खसखस पिकली. मला वाटलं उठावं आणि एकेकाची कानउघाडणी करावी. पण हे शांतपणे म्हणाले, "तो आज नव्हता. गेल्या रविवारी आम्ही दोघांनी पाहिला. शुक्रवारपर्यंत मला रोज दिसला. आज नाही, म्हणून यादीत नाही." आणि पुढचं नाव वाचलं, "टिटवी, चार."

हसू हळूहळू विरत गेलं. पोस्टमन आपल्या बुटांकडे बघत होता. मास्तरांनी टिटवी लिहिली नाही. ते ह्यांच्याकडे बघतच राहिले, मग माझ्याकडे, मग पुन्हा ह्यांच्याकडे.

"शुक्रवारी किती वाजेपर्यंत होता?" त्यांनी विचारलं.

"सहाला दहा कमी," हे म्हणाले. "मी ड्युटी संपवून निघालो तेव्हा पोहत होता."

मास्तरांनी वेळ लिहून घेतली.